पंधरा टक्के

मेडिकल बोर्डाचे कर्नल समोर दिसताच हवालदार हेरंब जगतापने सवयीने, होता नव्हता तो जोर लावून कडक सॅल्यूट ठोकला. त्याचे स्नायू झिजत चालले होते. सदऱ्याची बटणं बायको, मोहना, लावून द्यायची. “हात तर कपाळापर्यंत जातो की!” कर्नल म्हणाले आणि त्यांनी अपंगत्व पंधरा टक्के ठरवलं. विसाच्या खाली अपंगत्वाचं पेन्शन नव्हतं.

पाच वर्षांनी गुजरातेत, त्यांच्या नागरवाड्यातल्या मंडळाने सव्वीस जानेवारीला हेरंबचा सत्कार ठेवला. आता तो चाकाच्या खुर्चीत होता. प्रमुख पाहुणे तेच कर्नल, निवृत्त झालेले. शाल पांघरून झाल्यावर त्यांनी श्रीफळ मोहनापुढे धरलं. “बेन, तुम्हीच घ्या.”

“त्यांच्याच हातात द्या, साहेब,” ती माइकजवळ म्हणाली. “पंधराच टक्के गेलेत ना?”

नारळ हेरंबच्या हातांतून थेट खाली पडला. नारळ उचलायला कर्नलना हेरंबच्या पायाशी वाकावं लागलं.

घरी परतताना हेरंब पुटपुटला, “मी मुद्दाम नाही सोडला गं.”

“ठाऊक आहे,” खुर्ची ढकलत मोहना म्हणाली. “म्हणून तर पाहुणे म्हणून त्यांचं नाव मी सुचवलं.”