हॉटच्या उलट

"हॉट," एसिनाम म्हणाली. "पपा, हॉटच्या उलट काय?"

खाटेवर उशीला टेकून बसलेले मास्तर नुसते बघत राहिले. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओघळलेलं.

अर्धांगाच्या झटक्यानं इंग्रजी पुसलं गेलंय, डॉक्टर म्हणाले होते; घोकलेला एखादा शब्द ओळखतील, सलग बोलणं नाही. एकेक शब्द द्या, त्याच्या उलट विचारा, एकाला धरून दुसरा वर येतो. केटा गावच्या शाळेत उभी हयात ज्या माणसानं पोरांकडून विरुद्धार्थी शब्द घोकून घेतले, त्याला आता हॉटच्या उलट विचारायचं होतं.

मास्तरांचे ओठ हलले. एक शब्द आला. एव्हे भाषेतला. एसिनामला कळला नाही.

"नो, पपा. इंग्लिश."

दारात शेजारची काफुई उभी होती, मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, अक्प्ले, आणि भेंडीचा रस्सा घेऊन. ती फिस्सकन हसली.

"बरोबर सांगितलं की! थंड म्हणाले. पुढचा विचारा, परीक्षकबाई."

"डे."

मास्तर बोलले.

"रात्र," काफुई म्हणाली.

"कम."

"जा. घे, पैकीच्या पैकी. परीक्षा घेणारीच नापास!"

एसिनाम हसली नाही. "मला ती भाषा कशी येणार, आँटी? घरात एव्हेतला एक शब्द निघाला तरी छडी खायचो आम्ही."

"तू घरात खाल्लीस, मी वर्गात. पाणी मागितलं होतं मी, आपल्या भाषेत. ढुंगण सोलून काढलं तुझ्या बापानं. आठवडाभर पालथी झोपले." काफुईनं भांडं खाटेवर, मास्तरांच्या मांडीशी ठेवलं. "आणि आता तेच पाणी मागतात माझ्याकडे. त्याच भाषेत. देते, काय करू?"

गोरा साहेब केव्हाच बोटीत बसून गेला. छडी तेवढी इथंच ठेवून गेला.

मास्तर पुन्हा बोलायला लागले. लांबलचक, गयावया केल्यासारखं, एसिनामच्या तोंडाकडे बघत. अक्रा शहराहून आल्यापासून ती हेच ऐकत होती. तेच वाक्य, तोच सूर. रात्री उशीत तोंड खुपसून तिनं ते पुटपुटून पाहिलं होतं. अर्थ लागला नव्हता.

"आँटी, हे काय म्हणतात? सारखं तेच तेच. काहीतरी सांगू बघतायत ते मला."

काफुईच्या तोंडावरची टवाळी गेली.

"सोड. आजारी माणसाची बडबड."

"आँटी, दुसरा झटका आला की संपलं. मग मी कुणाला विचारू?"

काफुई अंगावरच्या कापडाच्या टोकाशी चाळा करत राहिली. "तुला नाही गं बोलत. येईल-जाईल त्याला विचारतायत." मग भुईकडे बघत एका दमात म्हणाली, "ही पोरगी कुणाची? दिवसभर माझ्यापाशी बसते. नुसते आवाज काढते. बिचारी मुकी आहे का?"

बाहेर कुणीतरी बकरी हाकलत गेलं. मास्तर उत्तराची वाट बघत होते. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे.

"सांगा त्यांना," एसिनाम म्हणाली. "हो म्हणावं."

"अगं..."

"सांगा, आँटी."

काफुईनं सांगितलं.

मास्तरांचे डोळे भरून आले. एवढी माया त्या घरात कधी कुणाच्या वाट्याला आली नव्हती. चालत्या हातानं त्यांनी अक्प्लेचा घास तोडला, रश्श्यात बुडवला आणि तिच्या तोंडापुढे धरला. हात डावा होता. डाव्या हातानं दिलेलं आमच्या केटात कुणी घेत नाही.

एसिनामनं तोंड उघडलं.