एका बाळासाठी

अंगणवाडीत लसीसाठी आज माझ्याशिवाय कोणीच आलं नव्हतं. सगळी वस्ती कांदा काढायला गेली होती. शेजारच्या वाडीत चार मुलं गोवरानं फणफणली होती आणि माझी रेवा नऊ महिन्यांची, अजून गोवराची लस न घेतलेली.

हेमलता सिस्टरनी निळ्या पेटीतून छोटी बाटली काढली. सवयीप्रमाणे मी आधी तारीख वाचली, मग खालची बारीक अक्षरं. दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकायची, हे मला माहीत होतं. आता म्हणतील, पुढच्या महिन्यात या, आठ-दहा जण जमले की बघू.

"सिस्टर, मी घरोघरी जाऊन अजून बाळं आणू का?"

"रानात गेलीत सगळी. बस खाली. शिकलेल्या आया नुसत्या पळापळ करतात."

"पण उरलेले नऊ डोस? हिच्या एकटीसाठी?"

"एकटी आली म्हणून गोवर हिला सोडणार आहे का?" सिस्टर बाटली उघडत म्हणाल्या. "वरून हुकूमच आहे. एक बाळ आलं तरी उघडायची, परत पाठवायचं नाही. दंड धर तिचा घट्ट."

सुई टोचताच रेवा किंचाळली. तिला छातीशी धरून मी टेबलावरच्या त्या जवळजवळ भरलेल्या बाटलीकडे बघत राहिले. कुठल्याशा कचेरीत, आमच्या वस्तीचं नावही न ऐकलेल्या माणसांनी हे आधीच ठरवून ठेवलं होतं, की एखाद्या दिवशी एखाद्या अंगणवाडीत एकटंच बाळ येईल, तेव्हा काय करायचं.