कुलपाची फ्लॉपी

बीम-स्लॅबला किती लोखंड लागेल ते सांगणारा प्रोग्राम वच्छला निनावेने दोन वर्षं खपून लिहिला. मालक बाबनरावांनी त्यावर जावयाचं नाव घातलं. तिने जाब विचारला तर म्हणाले, "बाईच्या नावानं इंजिनिअर घेतीन का वं?" वच्छला नोकरी सोडून नागपूरच्या महाल भागातल्या घरी बसली.

१९८८ पर्यंत नागपूरभर त्या फ्लॉपीच्या नकला फिरू लागल्या. जावयाला काही सुधरेना, म्हणून बाबनराव स्वतःच तिच्या दारात आले.

"सगळे चोरून वापरून राहिले. प्रोग्रामले कुलूप घालून दे."

"देते की," वच्छला म्हणाली.

नवी फ्लॉपी विक्रीला आली. उघडताना ती दरवेळी सोबतच्या पुस्तकातला एक शब्द विचारायची, आणि वीज जाऊन आली की पुन्हा पहिल्यापासून विचारायची. उन्हाळ्यात वीज दिवसातून सहादा जायची.

प्रोग्राम खरा कोणाचा, हे इंजिनिअर रुपरावांना ठाऊक होतं. मे महिन्यात ते घामाघूम होऊन तिच्याकडे आले.

"बाई, मी इमानदारीनं विकत घेतली, अन् माझीच चोरावानी उलटतपासणी होऊन राहिली. जुन्या फ्लॉपीचे नकलावाले मजेत हायेत. बिनकुलपाची भेटंल का?"

वच्छलाने कपाटातून एक फ्लॉपी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"किती द्याचे?"



"काही नको. बाबनरावाचं जे जे गिऱ्हाईक भेटंल, त्याले याची एकेक नक्कल करून द्या."