झेंड्यावरचं झाड

शहराच्या झेंड्यावर इथल्याच एका चित्रकारानं चौकातलं जुनं झाड काढलं होतं. त्याची बासष्ट पानं शिलाईवाल्या मावशीनं एकेक करून, जीव ओतून शिवली होती. तीही त्याच झाडाच्या सावलीत मशीन मांडून. झेंडा फडकला की अख्खा चौक मान वर करून बघायचा. पण वारा सुटला की झेंडा त्याच झाडाच्या फांदीत अडकून फाटायचा. नगरपालिकेचा शिपाई तिसऱ्यांदा फाटका झेंडा घेऊन आला, तेव्हा मावशीचं डोकंच फिरलं.

"अहो, ती फांदी नडतेय! साहेबांना सांगा, काहीतरी करा. मी किती वेळा ठिगळं लावू?"

दोन दिवस घरी बसून तिनं झेंडा सांधला. तो घेऊन चौकात आली, तर झाडाच्या जागी नुसता कापलेला बुंधा.

"बघा मावशी, कधी नव्हे ते साहेबांनी लगेच मनावर घेतलं!" शिपाई खुशीत म्हणाला.

"अहो, मी फांदी म्हटलं होतं..."

"फांदी काय, पुन्हा वाढते. परत तुम्हालाच त्रास. करा इथं सही, तक्रार मिटली म्हणून."

उन्हानं डोळे बारीक करत मावशीनं कागद हातात घेतला. त्याच्या माथ्यावर तेच झाड छापलेलं होतं, बासष्टच्या बासष्ट पानांसकट.