हाकेच्या अंतरावर

विस्कॉन्सिनमधल्या त्या लहानशा गावात उद्यापासून हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. दिवसभर दुर्बिणी दाखवून दाखवून नॉर्बर्टचं अंग आंबून गेलं होतं. तो दुकानाचे दिवे मालवायला उठला, तेवढ्यात ल्युएला आली. तिला नवऱ्यासाठी दुर्बीण हवी होती.

"ऑर्विल का नाही आला?"

"तो म्हणतो, बंदुकीवर दुर्बीण आहे ना, मग गळ्यात आणखी एक लोढणं कशाला."

"सगळे म्हातारे हेच म्हणतात." नॉर्बर्टनं सुस्कारा सोडून दोन दुर्बिणी काढल्या. "हात थरथरतो का त्याचा?"

"थरथरतो."

"मग ही जास्त लांबचं दाखवणारी नको, चित्र हलत राहील. ही घे. दिवस बुडतानाही स्वच्छ दिसतं."

"चेहरा ओळखू येईल?"

"हरणाचा चेहरा बघून काय करायचंय? शिंगं दिसली की झालं. त्याच्या मचाणापासून किती लांब बघायचं असतं?"

"आमच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत."

नॉर्बर्ट थकल्या थकल्या हसला. "हरणं दारापर्यंत येतात की काय तुमच्याकडे?"

"हरणं नाही. मी येते, संध्याकाळी त्याला जेवायला हाक मारायला." ल्युएलानं दुर्बिणीचा पट्टा ओढून बघितला. "कोण आलंय ते बघायला तो बंदूक डोळ्याला लावतो. आणि हल्ली मला ओळखायला त्याला वेळ लागतो."