तळं दिसणारी खोली

सीझनमध्ये तळ्याकाठच्या त्या गावात तळं दिसणारी खोली मिळायला नशीबच लागायचं. घरमालकाने पाहुणीला खिडकी उघडून दाखवली. समोर धुकं, दोन होड्या, पलीकडे डोंगर.

"आमच्या आईची ही जागा. पन्नास वर्षं इथेच बसून तिने जाळी विणली," तो भरल्या आवाजात म्हणाला. एवढं बोललं की भाड्यात कुणी घासाघीस करत नसे.

भिंतीवर म्हातारीचा फोटो होता. पाहुणीने हात जोडले. "कधी गेल्या?"

त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात मागच्या सरपणाच्या खोलीतून थकलेला आवाज आला, "बाळा, तळ्यावरचा वारा झोंबतो रे तिथे. माझी शाल दे त्यांना. मला इकडे कुठला आलाय वारा!"