मधली जागा

पाथरवटानं दगडावर पाणी ओतलं, फडक्यानं पुसलं आणि खडूनं दोन आडव्या रेघा मारल्या. दगडाचे तीन भाग झाले.

"वर छोटासा क्रूस. खाली नाव आणि तारखा," तो म्हणाला. "मधे माणसाचे गुण. बोला, तुमच्या वडिलांचं काय कोरू?"

मुलगा आणि मुलगी एकमेकांकडे बघत राहिली. आई दगडाकडे बघत होती. बाजूला दुसऱ्या कारागिराची छिन्नी टकटक वाजत होती.

"प्रेमळ पिता," मुलगी म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू फुटलं. भाऊ हसला नाही.

"कष्टाळू लिहू?" पाथरवटानं मदत केली. "बहुतेक लोक तेच घेतात."

"कष्टाळू!" आईनं तोंडाला रुमाल लावला. "अहो, खाटेवरून उठावं लागेल म्हणून आमचे हे पाणीसुद्धा प्यायचे नाहीत."

"पाणी कधी प्यायलेत ते?" मुलगी म्हणाली.

"मग शब्दाचे पक्के?"

आता मायलेकी दोघी खो खो हसायला लागल्या. सगळी गल्ली त्या माणसाला 'उद्या' म्हणूनच ओळखायची. खुर्चीचा पाय उद्या बसवतो. दारू उद्यापासून बंद. विकलेली शिलाई मशीन उद्या परत आणतो.

"पुरे," मुलगा म्हणाला. "नाव कोरा आणि तारखा कोरा. मधे काही नको. आणि वरचा क्रूसही नको."

आईचं हसू थांबलं. "क्रूस का नको रे?"

"त्यांची लायकी नव्हती म्हणून. तुझी मशीन त्यांनी विकली. मी शाळा सोडून गोदामात पोती उचलली, मशीन परत आणली. त्यांनी ती पुन्हा विकली. आणि मरायच्या दिवशी सकाळी हात जोडले की झालं? सगळं माफ? मग मी कशाला सरळ वागलो इतकी वर्षं?"

पाथरवट खडू बोटांत फिरवत उभा राहिला. असल्या बोलण्यात आपण पडू नये, हे तो धंद्यात शिकला होता.

"त्या सकाळी हेच ते मला म्हणाले," आई म्हणाली. "माझ्याकडे दाखवायला काही नाही गं, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्याकडे मागतंय कोण? जे भोगायचं ते प्रभूनं क्रुसावर भोगलं. तुम्ही नुसतं हो म्हणा. आणि खरं सांगू? मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार, उद्या!" तिला पुन्हा हसू आलं, डोळे मात्र भरले. "पण नाही. जन्मात पहिल्यांदा म्हणाले, आज. शेजारच्या क्रुसावरच्या चोराला प्रभूही म्हणाला होता ना, आजच तू माझ्याबरोबर स्वर्गात असशील?"

"तुला बोलायला काय जातं," मुलगा म्हणाला. "तुझ्या दगडावर तर मधली जागा पुरायची नाही. शिव्या खाल्ल्यास आणि त्यांनाच हातानं भरवलंस."

"माझ्या दगडावर एक अक्षर कोरलंस तर बघ! भरवलं ते लोकांना दिसलं. घास पुढे करताना मी मनात काय म्हणत होते ते कुणाला दिसलं? कितीदा म्हटलं, मरत का नाही हा एकदाचा."

"आई!" मुलगी दचकली.

"मग? थडग्याच्या दगडापुढे उभं राहून खोटं बोलू? त्यांचं पाप चव्हाट्यावर होतं, माझं झाकलेलं. एवढाच काय तो फरक. आम्हा दोघांना आत जायला दार एकच, हा क्रूस. दुसरं एखादं तुला ठाऊक असेल तर मलाही दाखव बाबा, मी म्हातारी तेवढीच लवकर पोचेन."

मुलगा अगदी हळू बोलला. "ते गेल्याचं कळलं तेव्हा मी 'सुटलो' म्हटलं, आई. मोठ्यानं म्हटलं."

"माहीत आहे मला. मी पलीकडच्या खोलीतच तर होते."

"आणि तू मला काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार? मला तुम्ही बापलेक दोघेही हवे होतात. अजूनही हवे आहात."

मुलानं पाथरवटाच्या हातातलं ओलं फडकं घेतलं आणि दगडावरच्या दोन्ही रेघा पुसून टाकल्या.

"अहो, मापं घेतली होती मी!"

"नवी घ्या, काका. मधे क्रूस घ्या. पार वरपासून खालपर्यंत. नाव उरलेल्या जागेत बारीक बसवा."

"बाबांना एवढा मोठा?" मुलगी म्हणाली.

"लहान पुरायचा नाही त्यांना," मुलगा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आपल्यालाही नाही पुरायचा."

आणि तो हसला. आईही हसली, आणि मुलगी तर पोट धरून खालीच बसली. शेजारच्या कारागिराचं काम थांबलं. ही मंडळी दगड घ्यायला आलीत की लग्न ठरवायला, हे बघायला तो हातोडीसकट उठून आला.

पाथरवटानं नवी मापं घेतली. खडूच्या रेघा पुन्हा उमटल्या, आता उभी एक आणि आडवी एक. त्यानं छिन्नीचं टोक मधोमध टेकवलं आणि मुलाकडे पाहिलं.

"एकदा घाव बसला की मग मागे नाही हं येता येत."

मुलानं पुढे होऊन दोन्ही हातांनी दगड घट्ट धरला.

"मारा," तो म्हणाला. "खोल मारा."